भक्षकबाई

पू म्हटलं की नाक मुरडणाऱ्या मुलीला भक्षकबाई उभं करत. "घाण काय म्हणतेस? तुझ्यासाठी लढून मेलेल्या पेशी आहेत त्या," असं सुनावत आणि मगच बसू देत. कॉलेजात त्या आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. रक्तातल्या भक्षक पेशी जंतूंना कशा गिळतात, हा त्यांचा सगळ्यात आवडता धडा. म्हणून हे नाव. ते त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि मला वाटतं, आवडलंही होतं.

तो धडा त्या खडू खाली ठेवून शिकवत. हात पसरून एखाद्या मुलीकडे सावकाश चालत यायच्या. "पेशीला डोळे नसतात. जंतूचा नुसता माग लागतो तिला." मग त्या मुलीला घट्ट कवेत घ्यायच्या. "आता ही माझ्या पोटात, एका पिशवीत. पिशवीत पाचक रस सुटला, की जंतू विरघळला!" वर्ग हसायचा. हसू ओसरलं की हळूच म्हणायच्या, "यात पुष्कळदा पेशीही मरते गं. तेवढं परीक्षेत कुणी विचारत नाही."

पैठणहून एसटीनं त्यांचं रोजचं जाणं-येणं. घरी म्हातारी आई, बाकी कुणी नाही. शहरात खोली घ्या म्हटलं, तर "आईला गोदावरी दिसल्याशिवाय करमत नाही," एवढंच उत्तर.

पुढे मी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. मागच्या हिवाळ्यात बाई तिथं आल्या. अंगात ताप, हातांवर निळे डाग. रक्त मीच काढलं. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहू लागले.

"सरक, बघू दे."

बाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होती, पण सगळ्या अर्धवट वाढलेल्या.

"लई झाल्यात," त्या म्हणाल्या. माझ्याशी घरच्या बोलीत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "पण गिळता एकीलाबी येत नाय."

रक्ताचा कर्करोग होता. औषधांनी त्या पेशी मेल्या, आणि उरल्यासुरल्या चांगल्याही मेल्या. बाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं. मी काचेबाहेरून हात हलवायचे, त्या मान हलवायच्या. मग फुप्फुसात जंतू शिरले. औषधं चालू होती, पण आतून साथ द्यायला कुणी नव्हतं. बाई गेल्या.

दहाव्याला मी पैठणला गेले. घाटावरून परतल्यावर त्यांच्या आईनं मला जवळ बसवलं.

"तू तिच्याच हाताखाली शिकलीस ना? मग सांग, डोळ्याला दिसत नाय असल्या जंतूनं माझी लेक कशी नेली?"

बाईंनी शिकवलं होतं तसंच मी सांगत गेले. माग काढणं, कवेत घेणं, गिळणं. आजींनी सगळं नीट ऐकलं.

"मग तिच्या पेशींनी का नाय खाल्लं त्याला?"

"त्या वाढल्याच नव्हत्या, आजी. लहानच राहिल्या."

आजी पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "लहान व्हत्या व्हय? मग त्यांना तरी काय बोलावं."