डाव्या हाताची रायफल

खटकाकाकांच्या शेजारी बसून जुना सिनेमा बघायचा, तर रडायच्या जागी हसायची तयारी ठेवायची. पडद्यावर नायिकेचा बाप गोळी लागून कोसळतो, ती टाहो फोडते, आणि काका ओरडतात, "शक्यच नाही! ह्या जातीची रायफल बाजारात आली तोवर हा माणूस म्हातारपणानंच गेला असता!" काकू कपाळावर हात मारून घेतात.

काका बंदुका दुरुस्त करायचे. कुठलीही बंदूक हातात आली की आधी तिचा खटका ऐकायचे, म्हणून गल्लीनं त्यांचं हे नाव पाडलं. दुकान वडिलांचं. तिथून सिनेमावाले शिकारीच्या नि नेमबाजीच्या रायफली भाड्यानं नेत. त्यामुळे एकच रायफल एका सिनेमात राजाच्या खांद्यावर दिसे नि दुसऱ्यात दरोडेखोराच्या, तरी काका दस्त्याच्या लाकडावरच्या टवक्यावरून तिला बरोबर ओळखत. लोक त्यांना वेड्यात काढत. काढोत बापडे! वेड होतंच, पण त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे ताई.

ताई काकांची थोरली बहीण, डावखुरी, आणि नेमबाजीत एक नंबर. वडिलांनी तिच्यासाठी काडतूस सरकवायचा बोल्ट डावीकडे असलेली रायफल मुद्दाम घडवली होती. गाल टेकायचा उंचवटाही उजव्या बाजूला. ताई लग्न होऊन गेली आणि तिच्यामागे वडिलांनी ती रायफल एका सिनेमाला भाड्यानं दिली. सिनेमावाल्यांनी गाशा गुंडाळला, सिनेमा कुठला तेही कळलं नाही, रायफल गेली ती गेलीच. बाबांनी आपली रायफल परस्पर विकली, असं ताईच्या मनानं घेतलं. धाकट्या भावानं परोपरीनं सांगितलं, तेव्हा ती फणकारली, "सिनेमात गेलीय ना? मग सिनेमात दाखव!" त्यानंतर भावाबहिणीचं बोलणं उरलं ते लग्नकार्यापुरतं.

परवा दुपारी काकांनी टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला होता. नायकानं रायफल खांद्याला लावली आणि काका ताडकन उठले. बोल्ट डावीकडे! त्यांनी चित्र थांबवलं. उंचवटाही उजवीकडे. त्यांनी तडक फोन लावला. "ताई, सापडली. ये." ताई फोन ठेवून निघालीसुद्धा.

काकू चष्मा पुसत पुढे आल्या. रायफलीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. "अहो, ह्याचा तीळ उजव्या गालावर कसा?"

"कुणाचा तीळ?"

"ह्या हिरोचा! त्या तिळापायी आम्ही मैत्रिणी एकच सिनेमा पुन्हापुन्हा बघायचो. डाव्या गालावर आहे तो."

काका मटकन बसले. चित्रच आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं होतं. रायफल साधी, उजव्या हाताचीच. जन्मभर बंदुका बघितल्या, पण पडद्यावरच्या एकाही माणसाचं तोंड त्यांनी धड बघितलं नव्हतं.

"वन्संना सांगू नका," काकू हळूच म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी येताहेत. त्यांना काय कळणार तिळाचं?"

काकांनाही मोह झाला. का होऊ नये? एवढ्याशा थापेनं बहीण परत मिळत होती.

ताई आली. पाणीसुद्धा न घेता पडद्यासमोर बसली. बघता बघता तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि बोट चाप ओढायला वाकलं. ते बघून काकांना भडभडून आलं. ह्या हाताशी खोटं बोलणं त्यांच्याच्यानं होईना.

"ताई, ही ती नाही. चित्र उलटं आहे. मी फसलो गं. तुझी अजून सापडली नाही."

"अजून? म्हणजे तू शोधतोयस?"

"दुसरं करतात काय हे?" काकू उसळल्या. "पोरांना पोरं झाली, ह्यांचं आपलं सिनेमा नि रायफल चालूच!"

ताई भावाकडे बघतच राहिली. "अरे, रागाच्या भरात बोलले होते मी. असं कुणी खरंच दाखवायला बसतं का?"

"तू म्हणालीस ना, दाखव."

ताई म्हणाली, "विकलेली वस्तू कुणी जन्मभर शोधत नाही." तिनं डोळे पुसले, डाव्या हातानं रिमोट उचलून भावाच्या हातात कोंबला. "हा बंद कर. दुसरा लाव. तू रायफली बघ, तोंडं आम्ही दोघी बघतो."