पगार त्यांचा, वैताग आमचा

"बहारीनमध्ये टॅक्स नाही" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा ठोकून दिलं, तो माणूस मला एकदा भेटवा! त्याच्यापायी आमच्या पेरोलच्या टेबलावर दर वर्षअखेरीला किस्स्यांचा नुसता ढीग पडतो.

सनाबिस भागातल्या ऑफिसात पेरोलला आम्ही दोघंच. मी पुण्याची मेधा, आणि रत्नागिरीचे मुकादमचाचा. कंपनी अमेरिकन. आम्हाला इथे इन्कम टॅक्स नाही, पण अमेरिकन साहेबांच्या पगारातून त्यांच्या देशाचा मेडिकेअर टॅक्स, म्हणजे म्हातारपणीच्या दवापाण्याचा, कापावाच लागतो. त्यात वर्षाचा पगार दोन लाख डॉलरच्या पुढे गेला, की पुढच्या रकमेवर थोडा जादा. शंभर डॉलरला नव्वद सेंट. बस्स! एवढं समजावता समजावता माझे केस पांढरे झाले.

यंदा तर कहरच. चाचांच्या मुलीचा, सनाचा, रत्नागिरीत निकाह. तिकीट काढलेलं. आणि जनरल मॅनेजरने फर्मान सोडलं, "टॅक्सची एक जरी तक्रार शिल्लक असली तरी रजा नाही!" चाचांनी तिकीट ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मला मात्र असा संताप आला म्हणून सांगू!

*

पहिला आला सित्राच्या प्लांटचा मॅनेजर. टेबलावर हात आपटून म्हणाला, "सात वर्षं मी अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नाही!"

चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, पासपोर्ट कुठला?"

"अमेरिकन!"

"कंपनी?"

"अमेरिकन..."

"मग खलास."

*

दुसरा जरा हुशार. "साध्या मेडिकेअरमध्ये कंपनी माझ्याएवढेच पैसे भरते ना? मग या जादा टॅक्समध्ये कंपनीचा वाटा किती?"

"मफी," चाचा म्हणाले.

बहारीनमध्ये इतकी वर्षं काढून त्याला अरबीतले चारच शब्द येत होते. त्यातला 'काही नाही' म्हणणारा हा नेमका येत होता!

*

तिसरा जनाबियाच्या व्हिलातला. त्याची बायको नोकरी करत नाही. नवराबायकोने मिळून रिटर्न भरलं तर मर्यादा अडीच लाखांची, आणि याचा पगार त्याच्या आत. मग कापलंच का?

अहो, कापताना कंपनी बायकोचा विचार करत नाही! दोन लाख ओलांडले की कापायचंच. जास्त कापलेलं रिटर्नमध्ये वळतं होतं. हे मी तीनदा सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. शेवटी चाचा वैतागून म्हणाले, "साहेब, पेरोलला सगळेच बॅचलर!"

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन. "माझ्या नवऱ्याला बॅचलर कोण म्हणालं?"

ती तक्रार मिटवायला दोन दिवस गेले.

*

आमच्याकडे एक जोडपंही आहे. दोघांचा पगार प्रत्येकी एक लाख ऐंशी हजार. कुणाचेच दोन लाख होत नाहीत, म्हणून आम्ही जादा काही कापलं नाही. गेल्या डिसेंबरात दोघं केक घेऊन आले. "काम कळतं ते फक्त तुम्हालाच!"

मी म्हटलं, "दोघांचे मिळून अडीच लाखांच्या वर जातात. रिटर्नच्या वेळी तुम्हाला स्वतः भरावं लागेल."

"मेधा, केक खा!"

एप्रिलमध्ये परत आले. हात हलवत. आणि माझ्यावरच ओरडले! केक खाल्ल्याचा इतका पश्चात्ताप मला कधी झाला नव्हता.

*

यंदा चाचांच्या विमानाला दोन दिवस उरले, तेव्हा तक्रारी शून्य झाल्या. चाचा रजेचा अर्ज घेऊन उठणार, तेवढ्यात जनरल मॅनेजर स्वतःच पेस्लिप नाचवत आला.

"हे जादा काय कापलंय? माझी बायको तर कमवत नाही!"

मी कपाळाला हात लावला. चाचांनी सांगितलं. मी सांगितलं. पुन्हा चाचांनी सांगितलं. साहेब ढिम्म. "मला समजेपर्यंत ही तक्रार शिल्लक!"

चाचांचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. सनाचा व्हिडिओ कॉल. घाईत स्पीकर चालू झाला आणि साहेबांचा आरडाओरडा थेट रत्नागिरीला पोचला.

पोरगी बहारीनच्या शाळेत शिकलेली. इंग्रजीत म्हणाली, "सर, दोन लाखांच्या वर गेलात ना? मग कंपनी कापणारच. बायको आहे की नाही, ते कंपनी विचारत नाही. तुम्ही दोघांचं रिटर्न एकत्र भरा, मर्यादा अडीच लाख. जास्त कापलं असेल तर तिथे वळतं होईल. चौथीत असल्यापासून रोज जेवताना हेच ऐकतेय!"

साहेब खुर्चीत बसले. पेस्लिपकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

"अच्छा! असं आहे होय! मुकादम, तुमची मुलगी करते काय?"

चाचांनी अर्ज पुढे सरकवला. "शुक्रवारी लग्न करते, सर."