वन्संच्या पँटची घडी

त्या सकाळी शाळेला निघताना मी वन्संवर ओरडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला गुणाची भावजय वगैरे समजायला नको. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, सुमनताई. लग्न केलं नाही, बडोद्यात रावपुऱ्याच्या मराठी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर कारेलीबागेत आमच्याकडे राहायला आल्या. सोसायटीच्या गरब्याची व्यवस्था खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन बघतात. वन्संचे गुडघे गेल्यापासून दरवर्षी मांडवाच्या कडेला त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली जायची, आणि त्या तिथे बसून टाळ्या वाजवायच्या. त्या सकाळी हंसाबेननी जिन्यातूनच विचारलं, "बेन, आ वखते खुरशी क्यां मूकुं?" दारात उभ्या असलेल्या वन्सं म्हणाल्या, "यंदा माझी खुर्ची मांडू नका." माझं डोकंच फिरलं. "दहा मिनिटं सायकल मारायला नको, आता गरब्यालाही यायला नको! एवढी हौसेनं पँट आणली, तिची घडीसुद्धा मोडली नाहीत तुम्ही!" वन्सं नुसत्या हसल्या. "जा गं नीलू, तुझी पहिली घंटा चुकेल." बाराच्या सुमारास स्टाफरूममध्ये हंसाबेनचा फोन आला. वाटी परत करायला त्या वर गेल्या होत्या, तर वन्सं वाल सोलता सोलता खुर्चीतच गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल... नवरात्राला आठ दिवस राहिले होते.

या सायकलचं रामायण माघात सुरू झालं. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, घरात व्यायामाची सायकल आणून रोज अर्धा तास चालवा, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनला वन्संचा ठाम नकार. आणि त्यांना उभं राहायचं होतं ते चालण्याफिरण्यासाठी नव्हे, गरब्यासाठी. मराठी शाळेतली ही कडक बाई एकेकाळी अशी गरबा खेळायची की भोवतालच्या गुजरातणी तिची टाळी बघून आपली टाळी धरायच्या. डॉक्टरांकडून येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "एकदाच, नीलू. उभ्यानं एक पुरा फेरा घ्यायचाय. मग बसव मला कुठंही." मी तेव्हाच ठरवलं की हा फेरा मी घेऊन दाखवणार. म्हणजे त्यांनी घ्यायचा, पण माझ्या देखरेखीखाली.

बंद गॅलरीत सायकल आली आणि वन्सं तिच्यावर चढल्या त्या साडी नेसून. तिसऱ्या मिनिटाला साडीचा फॉल पेडलमध्ये अडकला. दुसऱ्या दिवशी साडी वर खोचली, तर परकराची नाडी कमरेत रुतायला लागली. पायात सपाता, त्या पेडलवरून सटकायच्या. बूट घाला म्हटलं तर घरात बूट कसले? सीट टोचते म्हणून लोडाची छोटी उशी नाडीनं बांधली, ती सरकून एकदा त्या जवळजवळ माझ्या अंगावरच आल्या. सीट एवढी खाली ठेवलेली की गुडघे छातीला लागायचे, आणि मग म्हणायच्या, "बघ, सायकलनंच दुखतंय." वैशाखातल्या बडोद्यात बंद गॅलरीत पंखा लावू द्यायच्या नाहीत. घामावर वारा लागला की सर्दी होते, हे त्यांच्या आईनं सांगितलेलं. आईला जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण पंखा बंदच.

मी एक रविवार काढून निजामपुऱ्यात गेले. दुकानातली मुलगी हुशार होती. सुती कापड घाम पितं आणि ओलं ओलंच राहतं, मग मांड्या घासल्या जातात, असं तिनं समजावलं. घाम चटकन वाळेल असं कापड हवं, मध्ये जाड शिवण नको, पाय सैल नकोत, बसायच्या जागी आतून पातळ गादी असली तर उत्तम. मी तशीच पँट आणली. वन्संनी ती उलटी केली, आतली गादी दाबून बघितली आणि जेवायला बसलेल्या माझ्या नवऱ्यासमोर मला विचारलं, "लंगोट शिवून आणलास का गं माझ्यासाठी?" हे हसून हसून ठसकले. मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही.

पँट नको, कारण सुती ते सुती. पंजाबी ड्रेस नको, कारण आयुष्यात घातला नाही. मग एक दिवस गॅलरीत बघते तर काय, वन्सं तीस वर्षांपूर्वीचा आरशांचा चणिया घालून सायकलवर! "आता हे काय?" म्हटलं. "हा गरब्याचा पोशाख आहे. मी गरब्यासाठीच चालवतेय ना?" दहा मीटरचा घेर, तो दोन्ही हातांत धरायचा की हँडल धरायचं? पाच मिनिटांत घामानं चिंब होऊन खाली उतरल्या आणि चणिया पंख्याखाली वाळत घातला. चणियाला पंखा चालत होता, बरं का! मी बोलायला गेले की एकच उत्तर, "आधी तू बस, मग मला शिकव." मी कुठली बसतेय? मला शाळा, डबे, वह्या. आषाढ लागला आणि मी नाद सोडला. सकाळची ती पाच मिनिटंही बंद झाली. मी मनाशी म्हटलं, झालं, बाईंनी हार मानली.

खरं तर हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, हे मला ठाऊक असायला हवं होतं. शिकताना कुणी बघितलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकल्या, तर घरात कुणाला पत्ता नाही. एका रविवारी थेट आमच्या दाराशी येऊन हॉर्न वाजवला होता.

नवरात्र संपल्यावर मी त्यांचं कपाट आवरायला काढलं. मदतीला हंसाबेन आल्या होत्या. साड्यांच्या तळाशी दुकानाच्या पिशवीतच ती पँट सापडली. "ही तुमच्या सुनेला घेऊन जा. नवी कोरी आहे, घडीही मोडलेली नाही," असं म्हणत मी ती बाहेर ओढली, आणि हातात आलं ते धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड. गुडघ्यांवर फुगे आलेले, मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक गोळे. कमरेचं इलॅस्टिक काढून नाडी ओवलेली. उजवीकडे जुन्या निळ्या सुती साडीचा एक खिसा, हातानं शिवलेला, आणि खिशात घाम पुसायचा रुमाल.

हंसाबेनना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "ए तो बेन बपोरे पहेरतां हशे ने," त्या म्हणाल्या. दुपारी घालत असतील! रोज दोन वाजता त्यांच्या डोक्यावर आमची सायकल घरघरायची, आषाढापासून. आधी अर्धा तास, मग पाऊण. "तमने खबर नहोती?" नाही, मला खबर नव्हती. दोन वाजता मी शाळेत आणि हे ऑफिसात. श्रावणात वन्सं कठडा न धरता जिना उतरायला लागल्या, तेव्हा मी त्याचं श्रेय माझ्या तेलाच्या मालिशला देऊन मोकळी झाले होते... मग मला ती खुर्ची आठवली. खुर्ची नको, कारण त्या उभ्या राहणार होत्या. मी पलंगावर बसून हंसाबेनसमोर मोठ्यांदा रडले. वन्सं, एवढं तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मी ओरडले तेव्हा तरी सांगायचंत! निदान भांडून तरी शाळेला गेले नसते.

पँट मी दिली नाही. काल दुपारी शाळेला सुट्टी होती. घरात कुणी नव्हतं. मी ती घातली. चार बोटं लांब होते, पण कुठे टोचत नाही, कुठे रुतत नाही. सीट आता बरोबर उंचीवर होती, त्यांनीच केलेली. पंखा लावला नाही. रुमाल खिशात होता तसाच राहू दिला.

सात मिनिटांत उतरले.