मुरंब्याच्या बरणीतलं मेलाटोनिन

सासूबाई भर दुपारी गाढ झोपल्या म्हणून त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा बोईसरमधला पहिला जावई मीच असेन.

मी एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. लेबल नसलेलं पिंप दिसलं की मी असा भडकतो, की कामगार शिफ्ट बदलून मागतात! माझ्याही शिफ्ट सारख्या बदलतात, त्यामुळे झोपेचं पार खोबरं झालेलं. अमेरिकेतल्या मेहुण्याने झोप लागावी म्हणून मेलाटोनिन पाठवलं. "औषध नाही हो, सप्लिमेंट! बिनधास्त खा." लाल, मऊ, वर साखर भुरभुरलेल्या गोळ्या. झाकण मात्र दाबून फिरवायचं. (लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून. मलाही उघडेना!) शेवटी बायकोकडून उघडून घेतलं, गोळ्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ओतल्या आणि बाटली घंटागाडीत टाकली.

सासूबाई इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरच्या. त्या दिवशी बाजारात मासळी विकून आमच्याकडे जेवायला आल्या. मी आंघोळ करून बाहेर येतो, तर बरणी त्यांच्या मांडीवर.

"जावयबापू, ही लाल चाकलेटं बरी हायत. बीपीची गोली कडू लागते ना, म्हनून पाच खाल्ली."

"पाच? आई, ती झोपेची आहेत!"

"मंग काय झालं? मी पहाटपासून जागीच हाय."

आणि चटईवर आडव्या झाल्या. दहा मिनिटांत घोरायला लागल्या.

"काय दिलंत माझ्या आईला?" बायको ओरडली.

"मी नाही दिलं!"

"मग बरणी कोणाची?"

घोरणं थांबलं की मी त्यांच्या नाकापुढे बोट धरायचो, सुरू झालं की बायको रडायची. सासूबाईंना काही झालं तर या बाईला जन्मभर तोंड कसं दाखवू, या भीतीने मी रिक्षा बोलावली.

"एकेक गोळी किती मिलिग्रॅमची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लाल होती."

"बाटली कुठाय?"

"घंटागाडीत."

"रक्त पातळ करायचं औषध घेतात?"

"नाही, फक्त बीपीचं," बायको हुंदके देत म्हणाली.

"सप्लिमेंट म्हणजे खाऊ नव्हे! बीपीची औषधं चालू असताना विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. शिवाय बाटलीवर लिहिलंय तेवढंच आत असेल याचीही खात्री नसते. तुम्ही काय करता?"

"कारखान्यात असतो." (कोणत्या खात्यात, ते सांगायची हिंमत झाली नाही!)

सासूबाईंचं बीपी ठीक निघालं. "झोपू द्या, लक्ष ठेवू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बीपीचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला आणि आकडा चढलेला बघून मलाच शेजारच्या कॉटवर झोपवलं.

संध्याकाळी सासूबाई ताज्यातवान्या होऊन उठल्या. मला आडवा बघून घाबरल्या आणि लेकीला म्हणाल्या, "अगो बाय, यांनी किती खाल्ली?"