मिठाच्या बर्फातली बॅटरी

मी कशालाच घाबरत नाही, हे मी बोईसरच्या कारखान्यात इतक्यांदा सांगितलंय, की आमचा बॉयलरसुद्धा मला बघून शिटी हळू वाजवतो. त्या दुपारचं मात्र तिथे कुणाला बोललेलो नाही.

इलेक्ट्रिक बाईक नवी होती तेव्हा एका चार्जिंगमध्ये पार हायवेवरच्या मनोरला जाऊन परत यायची, वर वाटेत दोन ट्रकांना लाजवायची. दुकानदाराने बजावलं होतं, गरम बॅटरी लगेच लावू नका, पार शून्यावर आणू नका, भरली की काढा. मी तिन्हीच्या उलट केलं. पहिल्या पाळीवरून यायचं, भाकरी भाजावी इतकी तापलेली बॅटरी दाराजवळच्या सॉकेटला जोडायची, ती दुसऱ्या दिवशी पहाटे काढायची. दोन वर्षांत बाईक पुढच्याच स्टेशनाच्या, उमरोळीच्या अलीकडेच मान टाकायला लागली.

घरमालकीण मावशी शेजारच्याच खोलीत राहायच्या; मूळच्या दातिवऱ्याच्या, जन्म मासळी विकण्यात गेलेला. त्या रोज ओरडायच्या, "अरे, तापलेला माल असा टिकतो काय? जरा थंड तरी कर!"

त्या दुपारी मी अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर बॅटरी गारेगार. मनात म्हटलं, वा, सुधारली! वरवर पुसली, जोडली, आणि चहा घेऊन बाहेर ओट्यावर बसलो. सात वर्षांची लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती.

चहा अर्धा झाला आणि फुस्स आवाज आला. मग प्लॅस्टिक जळाल्याचा कडवट वास. उंबऱ्याशी बॅटरी पोट फुगवून बसलेली, कडेने पांढरा धूर. आमच्या घराला दार एकच.

"मावशी, हिला काय केलंत?"

"बरफात ठेवली होती. साधा नाय, मीठ घातलेला. पापलेट चार दिवस टिकतं त्यात!"

म्हणजे खारं पाणी आत मुरलं होतं. मी ओट्यावरचा मेन स्विच पाडला. धूर थांबेना. हात पुढे करायचो, मागे घ्यायचो.

"बाबा, मी येऊ?" लेक आतल्या दारात उभी.

"थांब! नको! ये!" तीनही मीच ओरडलो.

मावशींनी शेजारच्या बांधकामावरची वाळू घमेल्याने आणली आणि बॅटरीवर ओतली. "आता उडी मार गं, बाय!" पोरीने दप्तर छातीशी धरून उडी मारली. मी तिला इतकी आवळली की ती म्हणाली, "बाबा, श्वास."

वाळूखाली अजून काहीतरी तडतडत होतं. बायको कामावरून येईपर्यंत आम्ही तिघं रस्त्यापलीकडे उभे होतो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही, जरा धूर आला," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट होती त्यापेक्षा लहान करून सांगितली. लेकीने माझा हात सोडला नव्हता. "आई," ती म्हणाली, "बाबा अजून थरथरतायत."