अर्धं कोरं कापड

मेहिटेबलबाई,

शाईनं लिहिते आहे. नाक मुरडायचं तर मुरडा. तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, मी स्वतः पासष्टीची आहे. आता तुमचा धाक वाटत नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर आम्ही नऊ मुली मांडीवर कापड घेऊन बसायचो. अक्षरं शिकलो ती सुईनं, फुलीच्या टाक्यानं. तुमचा आवडता शब्द एकच: उसव.

"बाई, मागची गाठ कोण बघतंय?"

"मी बघतेय, लोइस. उसव."

पुढे गावात नवी शाळा निघाली. तिथे मुलींनाही लेखणी मिळे. एकेक करत तुमचा बाक रिकामा झाला; सगळ्यांत आधी मीच उठले. सतराव्या वर्षी गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही मागायला आले, तेव्हा तुम्ही त्या बाकावर एकट्याच बसला होतात. लेखणी मुठीत धरलीत आणि नावाच्या जागी फुली मारलीत. निम्म्या गावाला अक्षरं शिकवलेल्या बाईला नाव लिहिता येत नव्हतं! तुमच्या लहानपणी लेखणी मुलग्यांची आणि सुई मुलींची.

"बघत काय राहिलीस? गावात बोललीस तर याद राख."

नाही बोलले. दोन वर्षांनी मी कॉलेजसाठी ओहायोला निघाले, तर तुम्ही कापडाची घडी घेऊन दारात उभ्या. तुमची बहीण थँकफुल नवऱ्यामागून ओहायोला गेली, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तिलाही फक्त सुईच येत होती. एका फेरीवाल्यानं तिच्या गावाचं नाव तेवढं आणलं होतं.

"पाद्रीबाबांकडून पत्र लिहून घ्यायचं की!"

"बहिणीशी बोलायला मध्ये पुरुष कशाला?"

"मग मी लिहिते."

"तुझं अक्षर बघितलंय मी. हे तिच्या हातात दे. तिनं टाके घातले की परत आण."

कापडाच्या वरच्या अर्ध्या भागात निळ्या दोऱ्यानं भरलेलं होतं: 'थँकफुल, मी आहे. तू आहेस का?' खालचा भाग उत्तरासाठी कोरा, आणि त्यात दोरा ओवलेली सुई खोचलेली.

थँकफुलचं गाव कॉलेजपासून अकरा मैल. रस्त्यात चिखल होता, माझी ग्रीकची परीक्षा होती, आणि खरं सांगते, भरतकाम मिरवत जायची लाज वाटत होती. आईनं लिहिलं, "बाई दर शनिवारी फाटकाशी येऊन विचारतात, लोइसकडून काही आलं का." वसंतात जाईन म्हटलं. वसंतात तुम्हाला मूठमाती दिल्याचं पत्र आलं. थँकफुल होती तिथेच. तरी मी गेले नाही.

कापड माझ्या पेटीत आहे. सुई गंजून त्यातच रुतून बसली आहे, ओढली तर वीणच फाटेल.