सोडियम म्हणजे मीठ

कॉलेजात असताना सोडियम मला धातू म्हणून माहीत होता. प्रयोगशाळेत तो रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेला असे. सरांनी सुरीने वाटाण्याएवढा तुकडा कापून पाण्यात टाकला की तो पाण्यावर सैरावैरा पळायचा आणि पेटायचा. पुढे मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, कोल्हापुरात एका खाजगी लॅबमध्ये लागले, आणि तेच सोडियम माणसांच्या रक्तात मोजायचं काम माझ्याकडे आलं. नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं.

ते मोजायचं यंत्र मागच्या खोलीत होतं. त्यात गॅसची ज्योत जळायची. रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, पातळ करून त्या ज्योतीत फवारलं की ज्योत हळदीसारखी पिवळी व्हायची. जितकी पिवळी, तितकं सोडियम. गॅसची टाकी आणि हवेच्या पंपाचा आवाज यामुळे त्या खोलीत दुसरं कुणी बसायला तयार नसे. मी सकाळी नऊला आत जायची ती संध्याकाळीच बाहेर यायची. दिवसभरात माझ्यापर्यंत माणूस यायचा नाही, नळ्या यायच्या. नळीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आडनाव.

माझं घर नेसरीला. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई भावाकडे. महिन्यातून एकदा एसटीने जायची, दोन दिवस राहायची आणि परत यायची. आई दर खेपेला लग्नाचा विषय काढायची. मी उठून परतीची पिशवी भरायला घ्यायची.

कोल्हापुरात मी मंगळवार पेठेत एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात मागची खोली घेतली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांना काका-काकू म्हणायची. काका आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचे. नंतर कॉम्प्युटर आले, छापखान्याने खिळे भंगारात काढले आणि काका घरी बसले. त्यात त्यांचं हृदय कमजोर झालं. पाय सुजायचे, दम लागायचा. डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढायची गोळी दिली होती आणि मीठ बंद केलं होतं. काकू त्यांचं जेवण वेगळं करायच्या. तीन वर्षं काकांनी अळणी आमटी भाकरीत कुस्करून खाल्ली.

काकांना शब्दांचं वेड होतं. मी संध्याकाळी घरी आले की पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसलेले असायचे. त्यांच्या मांडीवर त्यांचाच जुना रिपोर्ट असायचा. रोज त्यातला एक शब्द विचारायचे. युरिया वाचून त्यांना मोठं नवल वाटलं होतं. उसाला टाकतात तोच का, म्हणाले. तोच, मी म्हटलं, आपलं शरीरपण तयार करतं आणि लघवीतून बाहेर टाकतं. क्रिएटिनिन हा शब्द त्यांनी जन्मात जुळवला नव्हता. तो कसा तोडून लिहायचा, यावर आम्ही अर्धा तास बोललो. सोडियम पाण्यात पेटतं असं मी सांगितलं तेव्हा ते छातीवर हात ठेवून म्हणाले की असला जिन्नस माझ्या अंगात घेऊन मी सत्तर वर्षं फिरलो.

दिवसभरात मी कुणाशी सलग बोलायची ती तेवढीच. काकू आतून हाक मारायच्या, मग काका उठायचे आणि मी माझ्या खोलीत जाऊन स्टोव्ह पेटवायची.

एकदा काकांचं नेहमीचं रक्त तपासायला आलं. नळीवर त्यांचं आडनाव बघून मला बरं वाटलं, दिवसातली एक तरी नळी ओळखीची. सोडियम एकशे चोवीस आलं. निदान एकशे पस्तीस तरी हवं. मी परत फवारून बघितलं, आकडा तोच आला. त्यांचे डॉक्टर परगावी गेले होते, आठवड्याने येणार होते. रिपोर्ट त्यांच्याकडे जायला वेळ होता. तो पाकिटात घालून मी गप्प राहायला हवं होतं, किंवा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा म्हणायला हवं होतं. तसं काही मी केलं नाही. घरी गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काकूंना म्हटलं, "काकांचं सोडियम जरा कमी आलंय."

"सोडियम म्हंजे काय गं?"

"मीठच की."

काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. तीन वर्षांत त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी बघितला नव्हता. त्यांनी बाहेर जाऊन काकांना सांगितलं, तुमच्या अंगात मीठ कमी पडलंय, पोरीनं मिशनीवर बघितलंय. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं. दुसऱ्या दिवशी खर्डा झाला. मग लोणच्याची बरणी खाली उतरली, पापड भाजले गेले. काकांनी मला आत बोलावून जेवायला बसवलं. मीही जेवले. किती दिवसांनी मी कुणाच्या पंगतीला बसून जेवत होते. मला वाटलं, माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला.

हे आठ दिवस चाललं. मधे एकदा काकांचे पाय सुजलेले मला दिसले होते. खुर्चीत बसून बसून सुजले असतील, असं मी मनाशी म्हटलं. रविवारी सकाळी काकूंची हाक ऐकून मी धावले. काका पलंगावर बसून होते, आडवं होता येत नव्हतं. श्वास घेताना छातीत बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली आणि बाहेर येऊन विचारलं, हे खात काय होते? काकूंनी सांगितलं. मीठ कुणी सुरू केलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हटलं, मी.

डॉक्टर ओरडले नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं. यांच्या अंगात मीठ कमी नव्हतंच, उलट जास्तच होतं. पण हृदय कमजोर असल्यामुळे पाणी त्याहून जास्त साठलं होतं, म्हणून रक्तातलं सोडियम पातळ दिसत होतं. पाणी कमी द्यायचं होतं. वर मीठ गेलं, त्याने आणखी पाणी धरलं आणि ते फुफ्फुसात उतरलं. तुम्ही लॅबमध्ये आहात ना, एवढंच ते शेवटी म्हणाले.

काका बारा दिवसांनी घरी आले. काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडल्या नाहीत, टाकून बोलल्या नाहीत. मी आले की आत जायच्या. मी मागच्या बाजूने ये-जा करू लागले. आपल्या आवाजाने कुणाला त्रास नको म्हणून रेडिओ लावणं सोडलं. कधीकधी शनिवारी लॅब सुटल्यावर बोललेला शेवटचा शब्द आणि सोमवारी सकाळी बोललेला पहिला शब्द, यांच्यामध्ये एकही शब्द नसायचा.

एके दिवशी संध्याकाळी काकू देवळात गेल्या होत्या. काकांनी मला हाक मारली. ते फार वाळले होते. खुर्चीसमोर खाली बस म्हणाले. मी बसले आणि माफी मागायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"चूक झाली तुझी. व्हय, झाली. पण ते आठ दिवस मी जेवलो बघ."

मला रडू आलं. ते मी आवरेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, आता तो सोडियम शब्द मला नीट सांग. मी सांगितलं. कालवणात पाणी जास्त झालं की चव उतरते, पण म्हणून मीठ कुठं गेलेलं नसतं.

"म्हंजे शब्द तू बरोबर उचललास," ते म्हणाले, "वाक्य चुकीचं जुळवलंस."

पुढं चार महिन्यांनी ते गेले. मी तेव्हा नेसरीला होते. परत आले तर सोप्यात बायका बसलेल्या होत्या आणि खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. मला कुणी निरोप पाठवला नव्हता. कुणी पाठवायचा? मी त्या घरातली कुणी नव्हते. नंतर मी त्या तरुण डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, माझ्यामुळे का? ते म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. खरं सांगितलं की माझ्या समाधानासाठी, हे मला आजही माहीत नाही.

महिनाभराने काकूंनी स्वतःहून माझ्या खोलीचं दार वाजवलं. आत आल्या नाहीत. उंबऱ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तू दुसरीकडं खोली बघ. तू वाईट न्हाईस. पण तुझं त्वांड बघितलं की मला माझा हात दिसतो, मीठ घालणारा."

तोपर्यंत मी समजत होते की तो भार माझ्या एकटीचा आहे. त्याच भिंतीपलीकडे त्याही रोज तेवढाच वाहत होत्या, आणि आम्ही दोघी एकमेकींना चुकवत होतो. मला त्यांना खूप सांगायचं होतं. मी फक्त बरं म्हटलं. रविवारी ट्रंक आणि स्टोव्ह रिक्षात घालून निघाले तेव्हा त्या दारात आल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुणाला कुठल्याही शब्दाचा अर्थ सांगितला नाही. नवं शतक लागलं. लॅबमध्ये नवं यंत्र आलं, ज्योत गेली. आता सीरम आत सोडलं की मिनिटभरात आकडे कागदावर उमटायचे. मला पुढं काउंटरवर बसवलं. तिथं माणसं येऊ लागली आणि विचारू लागली. ताई, हे एसजीपीटी काय असतं? ट्रायग्लिसराइड म्हंजे चरबीच न्हवं? मी सगळ्यांना एकच सांगायची, डॉक्टरांना विचारा. बाई फटकळ आहे, असं माझ्या पाठीमागं बोललं जायचं, ते मला ऐकू यायचं.

मग एके दुपारी राधानगरीकडची एक बाई नवऱ्याचा रिपोर्ट न्यायला आली. नवरा बाकावर भिंतीला टेकून बसला होता, मान खाली. मूत्रपिंडाचा आजार. पोटॅशियम इतकं वाढलेलं होतं की हृदय कधीही बंद पडलं असतं. मी त्यांच्या डॉक्टरांकडे फोन लावला, कुणी उचलला नाही. दुपारची वेळ, दवाखाना बंद. बाई घाईत होती, चारची गाडी गाठायची होती. डॉक्टरांना पुढच्या सोमवारी दाखवतो, म्हणाली. आणि जाता जाता विचारलं, "ताई, हे पोटॅशियम म्हंजे उसाच्या खतातलं पोटॅश काय ओ?"

डॉक्टरांना विचारा, हे शब्द तोंडापर्यंत आले होते. मी तिला थांबवलं आणि विचारलं, घरी यांना काय देता? अशक्तपणा हाय म्हणून रोज दोन शहाळी देतो, ती म्हणाली. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मी तिला सांगितलं, शहाळं आता बंद, आणि बाकी सगळं डॉक्टर सांगतील, पण सोमवारी नव्हे, आत्ता. मग काउंटर तसाच सोडून त्या दोघांना रिक्षात घातलं आणि शेजारी बसले. मोठ्या दवाखान्यात रिपोर्ट दाखवताच त्यांनी त्याला आत घेतलं.

आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. दोन तास बसलो असू. तिने भाताच्या रोपांचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, घरी सासू एकटी असल्याचं सांगितलं. मी ऐकत होते. मधेच तिने विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण हाय?"

"कुणी न्हाय," मी म्हटलं. "एकटीच असते."

तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून आधी मला दिली. मी प्याले. तेवढ्यात नर्सने बाहेर येऊन तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं, तशी ती पदर सावरत आत गेली.

तिचा नवरा आठवड्याने सुखरूप घरी गेला, असं मी दवाखान्यात फोन केला तेव्हा कळलं. ती दोघं पुन्हा आमच्या लॅबमध्ये आली नाहीत.